गिटारचा कौल

कट्टा गावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सिद्धेशनं आपल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यात एक इन्व्हर्टर चिप बसवली. 'हो' आलं की 'नाही' काढायचं आणि 'नाही' आलं की 'हो', एवढंच त्या चिपचं काम. गिटारचा सूर दोन्हींत बसेना, म्हणून ती बावचळून असा फाटका आवाज काढायची की वाडीतली भांडी वाजायची.

हा आवाज जत्रेत वाजवायचाच, या हट्टानं त्यानं देवाचा कौल मागितला. गुरव दत्तारामकाकांनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली.

सिद्धेश ऐकेल तर ना! "दत्तारामकाकानू, आता उलटा इचारा."

"देवाक काय तुझी चिप समजलंस रे?" गुरव करवादले, तरी त्यांनी पडलेल्या जागी दुसरी पाकळी लावून हात जोडले. "म्हाराजा, ह्येना वाजवूचा नाय, असा तुझा म्हणना आसा काय?"

पुन्हा डावी पडली. सिद्धेशनं गाभाऱ्यासमोरच उडी मारली.

गुरवांनी घाम पुसला, नवी पाकळी लावली आणि हळूच विचारलं, "मगे म्हाराजा, जत्रेच्या दिसा तू देवळात आसतलंस मा?"



प्रश्न संपायच्या आत डावी पडली.