बायडाक्काचा रतीब

दूध पातेल्यात ओतून झालं, तरी जोतीराम महाराज उंबऱ्यातून हलले नाहीत.

"बसा की म्हाराज," निशिगंधा म्हणाली. "आत्ती जाग्याच हाईत."

आत कॉटवर तिची सासू बायडाक्का पडून होती. खुब्याचं हाड मोडून सव्वा महिना झाला होता. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, आत सळई घातली, पण पाय अजून जमिनीला टेकत नव्हता. सव्वा महिना महाराज रोज सकाळी आपल्या म्हशीचं दूध घेऊन येत होते. गावाला त्याचं कोण कौतुक! "कीर्तनात सांगत्यात तसंच वागत्यात," लोक म्हणायचे. ते ऐकलं की महाराज रिकामं भांडं उचलून चालू लागायचे.

"ज्याच्यापायी आत्ती पडल्या, त्याला देव बघून घील," निशिगंधा भांडं विसळत बोलली. "पळून गेला मुडदा. वळून सुदीक बघितलं न्हाई. कोन हुता म्हणून इचारलं, तर समदी मूग गिळून बसल्यात."

महाराजांनी मान खाली घातली.

"गप गं," कॉटवरून आक्का म्हणाली. "अंधारात काय दिसतंय मानसाला? जा, परसातलं आवर जा."

निशिगंधा बादली घेऊन मागं गेली. परसातल्या संडासाच्या दाराचा रंग कडीपाशी हात लागून लागून उडाला होता. दार करकरलं, मग पाण्याचा आवाज येत राहिला.

गावात गुड मॉर्निंग पथक उभं केलं ते महाराजांनीच. दोन वर्षांमागं भर कीर्तनात त्यांनी वीणा थांबवून विचारलं होतं, "माझ्या मायबापांनो, विठ्ठलाला तुळस वाहता, आणि त्याच्या शिवाराला काय वाहता?" आधी लोक खदाखदा हसले, मग माना खाली गेल्या. महाराजांनी पेठ वडगावच्या बाजारातून लाल दोरीच्या दोन डझन शिट्ट्या आणल्या, देवापुढं ताटात ठेवल्या आणि प्रसादासारख्या वाटल्या. पहाटे बांधावर शिट्टी मारायची, आणि उठून उभा राहील त्याच्या हातात झेंडूचं फूल द्यायचं. शिवी नाही, दंड नाही. पाच-सहा महिन्यांत फुलं उरायला लागली.

पहिला संडास महाराजांनी स्वतःच्या घरी बांधला होता. जागा अपुरी, म्हणून देवघराच्या भिंतीला लागून. मालकीण आधीच देवाघरी गेलेली, घरात एकटा जीव. दोन वर्षांत पांढऱ्या फरशीला डाग म्हणून नव्हता. गडमुडशिंगीहून मंडळी बघायला आली, तेव्हा त्यांतला एकजण म्हणालाच, "म्हाराज, हितं पंगत बसवावी वाटतीया!"

आणि मग ती पहाट. उसाच्या बांधावर शिट्टी वाजली. पाचोळा वाजला. मागून "आई गं!" अशी हाक आली. महाराजांनी आवाज ओळखला. क्षणभर पाय थबकले, आणि मग ते घराकडं पळत सुटले. बायडाक्काला उचललं ते पाठोपाठ आलेल्या बायकांनी. झोळीतून आणताना ती वाटभर पदर पोटाशी घट्ट धरून होती म्हणे. महाराज घरी माळ हातात घेऊन बसले. एक मणी पुढं सरकला नाही. त्या दिवसापासून नामात गोडी राहिली नव्हती.

उद्या गाव हगणदारीमुक्त झाल्याचा सोहळा. कीर्तन महाराजांचं. त्यानंतर शाल, नारळ आणि नाव घातलेला पितळी तांब्या. दर हरिनाम सप्त्याला गाव असाच तांब्या द्यायचं. महाराजांच्या घरात नाव नसलेलं भांडं औषधाला सापडलं नसतं.

महाराज कॉटजवळ खाली बसले.

"आक्का, उद्या मी उभा ऱ्हात न्हाई."

"का? घसा बसलाय?"

"तोंड न्हाई मला. तुमी पडलासा ते माझ्यापायी."

"व्हय," आक्का म्हणाली. "ठावं हाय."

बाई रडेल, शिव्या देईल, अशी महाराजांनी मनाची तयारी केली होती. ह्या शांतपणाची केली नव्हती.

"ठावं हाय? मग सव्वा म्हैना बोलला न्हाईसा ते?"

"दूध चांगलं हुतं की तुमचं. पानी घालत न्हाईसा." आक्का हसली. हसता हसता कळ आली, तसे ओठ आवळले.

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "उद्या समद्यांफुडं सांगतो."

"सांगा, न्हाईतर ऱ्हावा. पोटात ठिवलं तर कीर्तनाला रंग भरायचा न्हाई, ते तुमचं तुमी बघा. पर आज घरला गेल्यावर आदी देव हलवा. फुडच्या सोप्यात न्या."

"देव?" डोळे पुसता पुसता महाराज थांबले.

"त्या वाकळंच्या चवडीत हात घाला. पार तळाला. निशिगंधाला ठावं न्हाई."

महाराजांनी उशाजवळच्या वाकळांखाली हात घातला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. फडकं सुटलं. लाल दोरीची शिट्टी, आणि ती दोरी ज्याच्या गळ्याला गुंडाळली होती तो पितळी तांब्या. त्याला शिवारातली माती वाळून चिकटली होती. कडेला कोरलेलं नाव महाराजांना वाचायची गरज नव्हती.

"मी शिट्टी मारली आन् तुमी ह्यो बांधावर टाकून पळालासा," बायडाक्का म्हणाली. "मागनं बायका बॅटऱ्या घिऊन येत हुत्या. त्यास्नी नाव दिसायच्या आत उचलावा म्हणून धावले, म्हाराज, आन् पाय घसरला."