लाडवाची चव

शिरीषने केटररकडून आलेला बुंदीचा लाडू आईपुढे धरला. "चव बघ. तुझ्या तेराव्याला तुझ्याच आवडीचं असू दे."

इंदुमतीबाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या हृदयाचा स्नायू दुबळा झाला होता. दंडावरची पट्टी रक्तावरून शरीरातली सूज मोजून मरणाची तारीख दाखवायची, आणि ती महिन्याभरात सहा वर्षांवरून यंदाच्या नोव्हेंबरवर आली होती. लगेच हॉल ठरला. सुनेने त्यांचे गोठ हातात घालूनही पाहिले. हल्ली सगळ्याच घरांत असं करत.

एकदाचा विषय संपावा म्हणून त्यांनी लाडू चावला आणि कळवळून गाल धरला.

दाताच्या डॉक्टरांनी पू झालेली दाढ उपटली. "सूज हिची होती, आजी. पट्टीला काय, दाढेची आणि हृदयाची सारखीच."

आठवड्याने तारीख सात वर्षं पुढे गेली. इंदुमतीबाईंनी दंड शिरीषपुढे धरला. त्याने आकडे वाचले. मग त्याने फोन लावला.

"आमचं नोव्हेंबरचं जेवण होतं ना? नाही, रद्द नको. पुढे ढकला. लाडू तेच ठेवा."