खिडकीजवळचं टेबल

लग्नाचा पहिला वाढदिवस जिथे साजरा केला, त्या अंधेरीच्या आलिशान हॉटेलात प्रेमा आणि सहदेव कित्येक वर्षांनी जेवायला आले. गालिचा विटला होता, झुंबर बंद होतं आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं.

“अहो, पार वाट लागली हॉटेलची,” खिडकीजवळच्या आपल्या टेबलापाशी उभी राहून प्रेमा हिरमुसून म्हणाली.

“समोरच्या आरशात बघ,” सहदेव हळूच म्हणाले.

आरशात झुंबर लखलखत होतं. सगळी टेबलं भरली होती, माणसं हसत होती. प्रेमाचा चेहरा खुलला. तिने हात हलवला. आरशातला वेटर लगबगीने त्या दोघांच्या मागे आला आणि त्याने अदबीने खुर्ची पुढे सरकवली.

प्रेमाच्या पायांना मागून खुर्ची हलकेच टेकली.

मागे वळून न बघता, हसत हसत, ती बसली.