परातीतलं पाणी

उदगीरच्या चर्चमध्ये शांतवन पेंटरने समोरच्या भिंतीवर प्रभू येशू रंगवला, तो शिष्याचे पाय धुणारा. कमरेला पंचा, गुडघ्यावर बसलेला, पुढ्यात पाण्याची परात. आजवर सगळ्यांनी येशूकडे मान वर करूनच पाहिलं होतं. हा मात्र खाली वाकलेला. बघणारे प्रार्थनेला बाकं सोडून जमिनीवर बसायचे.

पहिली उपासना संपली तेव्हा पाळकांची बायको उज्ज्वला म्हणाली, "शांतवनभाऊ, चित्र लई जिवंत हाय. पण पाणी गढूळ का काढलं?"

"म्या तर निवळ काढलं व्हतं, वैनी."

परातीतलं पाणी खरंच मातकट दिसत होतं. त्याने बोट लावून पाहिलं. रंग कोरडा होता. त्याने पाणी पुन्हा निळसर रंगवलं.

पुढच्या रविवारी त्याचा थोरला भाऊ योहान आला. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. योहान शेतातून तसाच आलेला, पाय काळ्या चिखलाने भरलेले. तो मागे जाऊन बसला. शांतवन मुद्दाम चित्राकडेच पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत परातीतलं पाणी काळं झालं.

तो मागे वळला. योहानचे पाय स्वच्छ होते, ओले होते.

"दादा, पाय कुठं धुतले?" इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"म्या न्हाई धुतले," योहान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

शांतवन त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या पायांवरून पाणी ओघळलं, आणि टाचेखाली कुणीतरी अलगद हात धरला.