मानमोडीचा ताप

डॉक्टर हल्ली दवाखान्यात माशा मारत बसत. घरी जायचीही घाई नसे. त्या दुपारी एक म्हातारी आली आणि म्हणाली, “मानमोडी आहे.”

डॉक्टरांना हसू आलं. फ्लूचं हे जुनं नाव त्यांनी फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं.

“साधाच ताप ना, आजी?”

“साधा कसला? घरंच्या घरं आडवी होतात. पाणी द्यायला माणूस उरत नाही.”

“कोणाकोणाला आलाय?”

“सगळ्यांनाच. बाहेर बसवलंय.”

डॉक्टरांनी बाहेर येऊन पाहिलं. बाकं रिकामी होती. त्यांनी एका बाकावर हात टेकला. ऊन तिथवर येत नव्हतं, तरी बाक तापलेल्या कपाळासारखं कढत होतं. दुसरंही तसंच. शेवटचं तेवढं गार होतं.

मागून म्हातारीने मायेनं विचारलं, “तुम्हाला पाणी द्यायला कोण आहे, डॉक्टर?”