घामट मोज्यांचा वास

"डॉक्टर म्हणाले म्हणून बाळाची लघवी तपासायला आणलीय. पण रोगबिग काही नाही, हिचा आळस आहे," लॅबच्या खिडकीशी सुनेसोबत आलेल्या सासूबाई मला ऐकवत होत्या. "बाळाला घामट मोज्यांचा वास येतो. धड अंघोळच घालत नाही ही. हिच्या पहिल्या मुलीलाही असाच वास यायचा. दोन महिन्यांत गेली बिचारी. माझं नाक कधी चुकत नाही, सांगून ठेवते."

सून बाळाला छातीशी धरून खाली मान घालून उभी होती.

मी नमुना तयार करून क्रोमॅटोग्राफीच्या मशीनला लावला. लघवीतली बारीकसारीक आम्लं ते एकेक करून वेगळी काढतं. अकराव्या मिनिटाला आलेखावर उंच सुळका उभा राहिला. पंधरा वर्षांत मी तो दोनदाच पाहिलाय, पण ओळखायला चष्मासुद्धा लागला नाही. डॉक्टरांना फोन केला आणि कागद घेऊन बाहेर आले.

"आजी, तुमचं नाक खरंच चुकलं नाही. मशीनलाही तेच सापडलंय. दुधातलं प्रथिन बाळाच्या अंगात पुरतं पचत नाही, त्यातून एक आम्ल साठत जातं. हा वास त्याचा आहे. अंघोळीने जाणारा नाही. वेळेवर आणलंत, औषध आजच सुरू होईल."

आजींनी कागद हातात घेतला. सुनेने पहिल्यांदाच मान वर केली.

"आई, तिलाही मी दिवसातून तीनदा अंघोळ घालायचे."