बुचाचं मूळ

वाल्मिकनं झाड कापायच्या मशीनची दोरी ओढायला हात घातला, तेव्हा हन्नाबाई बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आधी खणून बघ," त्या म्हणाल्या. "मग काय कापायचं ते काप."

वाल्मिकनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. झाड हन्नाबाईंच्या अंगणातलं होतं, पण वाल्मिकला बोलावलं होतं शेजारच्या ज्ञानेश्वरनं. त्याच्या नव्या पोर्चमधल्या तीन फरश्या उचलल्या गेल्या होत्या आणि फटींतून बुचाचे फुटवे वर आले होते. कापले की आठवड्यात पुन्हा हजर, एकाचे चार होऊन. कोल्हारच्या त्या गल्लीत बुचाचं झाड आता एकच उरलेलं, त्यामुळे गुन्हेगार शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पंचायतीत गेला आणि झाड काढण्याचं पत्र आलं. अर्जावर ज्ञानेश्वरच्या आईचा, लंकाबाईंचाही अंगठा आहे का, हे हन्नाबाईंनी मुद्दामच पाहिलं नव्हतं.

"राग मानू नका, बाई," ज्ञानेश्वर म्हणाला. चौथीपर्यंत तो शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकला होता, म्हणून वाकडं बोलायचं तरी सुरुवात सरळ करायचा. "पर तुमचं हे असंच असतं. जरा जागा मिळाली की पसरता."

"कोण पसरतं? झाड की आम्ही?"

ज्ञानेश्वरनं मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली.

हन्नाबाईंना राग आला होता, पण त्याचा नाही. पोर्चच्या पायरीवर लंकाबाई बसल्या होत्या आणि मघापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पोर्च आहे त्या जागी पूर्वी त्यांच्या नवऱ्यानं, छगनरावांनी, लावलेलं बुचाचं झाड होतं. त्याचाच एक फुटवा तीस वर्षांपूर्वी तारेच्या कुंपणाखालून हन्नाबाईंच्या अंगणात निघाला. त्या उपटायला वाकल्या, तर लंकाबाईंनीच त्यांचा हात धरला होता. असू द्या बाई, माझ्या झाडाचं पोर हाय, म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर कार्तिकात दोघी इथे बसून बुचाच्या लांब देठांची वेणी घालत. बुचाच्या वेणीला दोरा लागत नाही. एक वेणी देवळात जायची, दुसरी चर्चमध्ये. जुनं झाड ज्ञानेश्वरनं पोर्चसाठी तोडलं आणि खोडावर सिमेंट ओतलं, त्याला आता दोन वर्षं झाली.

"खणू दे की त्याला," हन्नाबाई म्हणाल्या. "माझं झाड गुन्हेगार निघालं तर ते पाडायला मी स्वतः दोर धरीन."

वाल्मिकनं कुदळ घेतली. कुंपणाच्या तारेखाली एक फुटवा आला होता, त्याच्या बुडाशी त्यानं खणायला घेतलं. गुडघाभर खड्डा झाल्यावर तो खाली बसला आणि हातानं माती काढू लागला. हन्नाबाईंच्या झाडाकडे जाणारं मूळ करंगळीएवढं होतं. उलट बाजूचं मनगटाएवढं निघालं, आणि ते सरळ पोर्चखाली शिरलं होतं.

"मूळ आईकडं जाड हुत जातं, दादा," वाल्मिक म्हणाला. "ही आई तुमच्या फरशीखाली हाय."

"ते मेलं कवाच."

"मेलं न्हाई. वरनं तोडलं म्हणून तर मुळं पिसाळल्यात. आता बाईंचं तोडलं, तर तेचीबी पिसाळतील. सगळ्या गल्लीत फुटवे यतील."

"तू कापायला आलाय का शिकवायला?"

वाल्मिक उठला आणि हाताची माती झटकली. त्यालाही याच गावात पोट भरायचं होतं.

"मग काय पोर्च फोडू का मी?" ज्ञानेश्वर कुणाकडेच न बघता म्हणाला. "पंचायतीचं पत्र हाय. त्यात ज्या झाडाचं नाव हाय, ते तोडायचं."

हन्नाबाई बुंधा सोडून कुंपणापाशी गेल्या. खड्डा मध्ये होता आणि पलीकडे लंकाबाई.

"लंकाबाई, तुम्ही एकच वाक्य बोला. हे तुमच्या झाडाचं पोर आहे, एवढंच. तुम्ही म्हणालात तर तो ऐकेल."

लंकाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. मूळ तिथे उघडं पडलेलं होतं, कुदळीचा घाव लागून पांढरं झालेलं.

"बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला ह्याच्याच हातचं पानी पिऊन मरायचंय."

खोटं बोलल्या असत्या तर हन्नाबाईंना भांडता आलं असतं. या बोलण्याशी काय भांडणार? तीस वर्षांची मैत्रीण हातातून गेली, आणि गेली तीही खरं बोलून. त्यांना आतून फार कडू वाटलं. त्या मागे फिरल्या, झाडाखालून बाजूला झाल्या आणि वाल्मिकला म्हणाल्या, "चालव."

"थांब," ज्ञानेश्वर म्हणाला. "आधी तो खड्डा बुजव. येणारे-जाणारे बघत्यात."

पण वाल्मिकनं तेवढ्यात दोरी ओढली होती. मशीनच्या आवाजात त्याला काहीच ऐकू गेलं नाही.

लंकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पायरी उतरून खड्ड्यापाशी आल्या आणि अनवाणी पायानं माती आत लोटू लागल्या. मूळ झाकलं गेलं. खड्डा भरला. मग नवं रोप लावल्यावर दाबतात तशी ती माती त्यांनी टाचेनं चारी बाजूंनी नीट दाबली.